चूक दोन मिलिमीटरची, राग तीन महिन्यांचा

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत तीस वर्षे पॅटर्नमेकर (ओतकामाच्या साच्यासाठी नमुना, म्हणजे पॅटर्न, घडवणारा कारागीर) म्हणून काम करणाऱ्या ५४ वर्षांच्या एका वाचकांचे हे पत्र आहे. त्यांच्याकडे आलेला एक जॉब (ओतायचा भाग) पूर्वी ग्रे आयर्नमध्ये ओतला जाई, या वेळी तो एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दुसऱ्या प्रकारात ओतायचा होता. थंड होताना धातू आकसतो म्हणून पॅटर्नला द्यायची आकुंचनाची सूट मात्र जुन्याच हिशेबाने दिली गेली. जॉबवरच्या दोन बॉसमधले (उंचवट्यांमधले) अंतर दोन मिलिमीटरने जास्त आले, जॉब मशीनिंगला बसेना आणि तो लॉट पुन्हा भट्टीत घालावा लागला. धारवाडकडून आलेल्या एका तरुण इंजिनिअरने ही चूक हाताखालच्या मुलांसमोर, कन्नडमध्ये, स्केल लावून दाखवली. या गोष्टीला तीन महिने झाले. तेव्हापासून पत्रलेखक त्याच्याशी कामापुरतेही धड बोलत नाहीत, सर्वांबरोबर चहाला जात नाहीत आणि रात्री त्यांना नीट झोप लागत नाही. चहाच्या गाड्यावरचे सोबती म्हणतात, 'कालचं कानडी पोरगं तुम्हाला शिकवतंय, राजीनामा फेका तोंडावर.' पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, 'बाबा, हा तुमचा ईगो आहे.' पत्नी म्हणतात, 'सोडून द्या.' दरवर्षी ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसूनही आपला अहंकार जात नाही, याची त्यांना खंत आहे. ते विचारतात : हा माझा स्वाभिमान आहे की अहंकार? आणि अहंकार असेल, तर तो मारायचा कसा?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र चार पानांचे आहे आणि त्यातील जवळजवळ सगळा मजकूर त्या दुपारविषयी आहे : कोण कुठे उभे होते, कोणता हेल्पर गालातल्या गालात हसला, इंजिनिअरने काँट्रॅक्शन स्केल (आकुंचनाची सूट धरून आखलेली पट्टी) उचलून ती पुन्हा तुमच्याच टेबलावर कशी ठेवली. पॅटर्नविषयी मात्र एकच वाक्य आहे. 'फरक अवघा दोन मिलिमीटरचा होता, आणि जॉब एसजीचा आहे हे मला कोणी ठळकपणे सांगितले नव्हते.' म्हणजे सांगितले होते, ठळकपणे नव्हते. हे वाक्य पकडून तुम्हाला कोंडीत धरण्याचा माझा हेतू नाही. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या साडेतीन पानांपेक्षा या एका ओळीत अधिक सापडते, म्हणून सुरुवात तेथूनच करते.

त्या दुपारी तुमच्या टेबलाशी दोन गोष्टी घडल्या. एक, तुमच्या कामात चूक निघाली. दोन, ती चूक ज्यांना तुम्ही काम शिकवता त्या मुलांदेखत दाखवली गेली. पहिली गोष्ट तुमची आहे, दुसरी त्या इंजिनिअरची. तीस वर्षांच्या कारागिराची चूक बाजूला घेऊन सांगायची असते, एवढे तारतम्य त्याला हवे होते, आणि त्याचा तुम्हाला राग आला यात गैर काही नाही. परंतु गेल्या तीन महिन्यांत या दोन गोष्टींची तुमच्या मनात एकच मोट बांधली गेली आहे. सांगण्याची रीत चुकली, तेव्हा जे सांगितले तेही फारसे खरे नसणार, निदान ते बोलून दाखवण्याजोगे नसणार, असा तो हिशेब आहे. माझ्या समजुतीप्रमाणे रोगट अहंकाराचे काम नेमके या जागी चालते. तो उघडपणे 'मी चुकत नाही' असे क्वचितच म्हणतो. समोरच्याच्या वागण्यातला दोष तो पुढे करतो आणि त्याच्या आडोशाला स्वतःची चूक ठेवून देतो. निकोप अहं असलेल्या माणसालाही अपमान तितकाच झोंबतो, पण त्या झोंबण्यातही समोरच्याच्या बोलण्यातला खरा भाग त्याला वेगळा काढता येतो आणि रीतीविषयीची तक्रार तो स्वतंत्रपणे मांडू शकतो.

म्हणूनच तुमच्या प्रश्नाची मांडणी मला थोडी तपासावीशी वाटते. स्वाभिमान की अहंकार, असे विचारताना या दोहोंपैकी एकच खरे असणार, असे तुम्ही धरून चालला आहात. मुलांसमोर पाणउतारा झाल्याचे दुःख हा तुमचा स्वाभिमान आहे आणि दोन मिलिमीटर मान्य करण्याची टाळाटाळ हा तुमचा अहंकार आहे. दोन्ही एकाच दुपारी, एकाच माणसात होते. सोबत्यांनी त्यातला एक भाग पाहिला, मुलाने दुसरा, आणि दोघांनीही पाहिलेला तेवढाच भाग पुरता मानला.

आता अहंकार मारण्याविषयी. कीर्तनातून, पारायणातून अहंकार हा शत्रू म्हणूनच आपल्या कानावर येतो, त्यामुळे तो समूळ नाहीसा करणे हाच उपाय, असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्याकडील जुन्या विचारातही त्याला नेहमी एवढ्या सरळपणे खलनायक ठरवलेले नाही. सांख्य दर्शनाच्या पंचवीस तत्त्वांत अहंकार हे एक तत्त्व आहे : प्रकृतीपासून बुद्धी, बुद्धीपासून अहंकार आणि त्याच्यापासून पुढे मन, इंद्रिये व तन्मात्रा (शब्द, स्पर्श आदी सूक्ष्म तत्त्वे). म्हणजे 'हे मी केले', 'हे माझे काम' असे म्हणणारा कोणीतरी आत असल्याखेरीज व्यवहारच सुरू होत नाही. पश्चिमेकडे सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये मनाची जी त्रिविध मांडणी केली, तिच्यातही ईगो हा दुर्गुण नव्हे. आतल्या वासना, आतलाच कठोर नीतिरक्षक आणि बाहेरचे वास्तव या तिघांत वाट काढत माणसाला चालते ठेवणारा तो भाग आहे. त्यांच्या कन्या ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले, की न झेपणारे सत्य समोर आले म्हणजे हाच भाग नाना तऱ्हांनी स्वतःचा बचाव करतो. सबबी शोधणे ही त्यांतली सर्वांत परिचित तऱ्हा. 'कोणी ठळकपणे सांगितले नव्हते' हा तुमचा बचाव आहे. तो केल्याबद्दल स्वतःला अपराधी मानू नका, फक्त बचाव म्हणून तो ओळखा.

पारायणाचा विषय तुम्हीच काढला आहे, म्हणून एक आठवण करून देते. तेराव्या अध्यायात ज्ञानदेव सांगतात, की अहंकाराची गोष्ट नवलाची आहे : तो अज्ञान्याच्या मागे विशेष लागत नाही, जाणत्याच्या मात्र गळ्याशी झोंबतो आणि त्याला नाना संकटांत नाचवतो. इतकी वर्षे पारायण करून अहंकार गेला नाही, ही तुमची खंत या ओवीसमोर ठेवून पाहा. परवा कामाला लागलेल्या हेल्परला दोन मिलिमीटरसाठी तीन महिने जागावे लागले नसते. तुम्हाला जागावे लागले, कारण तुम्ही जाणते आहात, आणि ते जाणतेपण हीच तुमची सगळ्यांत मोठी मिळकत आहे.

येथे मला तुमच्याच कामातला एक दाखला द्यावासा वाटतो. पॅटर्न कधीही जॉबच्या बरोब्बर मापाचा करत नाहीत. धातू थिजून थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवतात. ग्रे आयर्नला साधारण एक टक्का, म्हणजे सहाशे मिलिमीटरला सहा मिलिमीटर. एसजीचा हिशेब निराळा, बहुधा कमी, आणि जाडीप्रमाणे व साचा किती घट्ट आहे त्याप्रमाणे बदलणारा. माणसाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेचेही काहीसे असेच आहे. शेली टेलर आणि जोनाथन ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये असे मत मांडले, की मनाने निरोगी असलेली माणसे स्वतःला वस्तुस्थितीपेक्षा थोडी सरसच समजतात आणि त्या समजुतीच्या बळावर कष्ट करतात, अपयश पचवतात. या मतावर पुढे पुष्कळ वाद झाला, तरी त्यातले मर्म मला पटते. स्वतःबद्दल थोडी वाढीव सूट असणे हा रोग नव्हे. अडचण होते ती ओतायचा धातू बदलला तरी सूट जुनीच ठेवल्याने. पंचविसाव्या वर्षी 'मला सगळे जमेल' ही समजूत तुम्हाला पॅटर्न शॉपमध्ये पुढे घेऊन गेली. चोपन्नाव्या वर्षी, धंदा डोळ्यांदेखत बदलत असताना, 'माझ्या हिशेबात कोणी बोट घालू नये' हे तिचेच रूप तुम्हाला चहाच्या घोळक्यातून बाहेर काढते आहे.

धंदा बदलतो आहे, हे तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे आणि लगेच पुढे गेला आहात. मी मात्र तेथे थांबते. पूर्वी लाकडातून हाताने घडवायचे ते काम आता संगणकावर आखून सीएनसी यंत्रावर कापले जाते, नवीन मुले रंधा-पटाशीला हात लावण्याआधी स्क्रीनवर बसतात, आणि हातात हुनर असलेले तुमच्या पिढीचे कारागीर एकेक करून निवृत्त होत आहेत. अशा वेळी इंजिनिअरने दाखवलेला फरक तुम्हाला नुसता दोन मिलिमीटरचा वाटला नसणार. आपली गरज आता संपत आली, असे कोणीतरी चारचौघांत बोलून दाखवल्यासारखे ते वाटले असणार. जेनिफर क्रॉकर आणि कॉनी वुल्फ या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये मांडलेला एक विचार येथे उपयोगी पडतो. माणूस स्वतःची किंमत कशावर ठरवतो, हे प्रत्येकाचे वेगळे असते : कोणाची कामातल्या यशावर, कोणाची दिसण्यावर, कोणाची इतरांच्या पसंतीवर, कोणाची घरच्यांच्या प्रेमावर, कोणाची ईश्वरावरील श्रद्धेवर. किंमत जेथे ठरते तेथेच घाव सर्वांत खोल लागतो. पत्रातून दिसते ते असे, की तुमची सगळी किंमत एकाच ठिकाणी जमा आहे, आणि ते ठिकाण म्हणजे तुमचा हात चुकत नाही ही ख्याती. मुलाला शिकवून पुण्याला पाठवलेत, गल्लीतल्या भजनात पखवाज धरता, हे तुम्ही पत्राच्या शेवटी केवळ ओळख म्हणून लिहिले आहे. या गोष्टी तुमच्या किमतीत धरल्याच जात नाहीत, असे वाचताना वाटले.

गाड्यावरच्या सोबत्यांविषयी स्पष्ट बोलायला हवे. आपल्या या सीमाभागात दोन माणसांचे भांडण दोन भाषांचे व्हायला वेळ लागत नाही, आणि एकदा ते तसे झाले की माघार घेणाऱ्याला आपण घरच्यांशीच दगा केला असे वाटू लागते. त्या इंजिनिअरने कन्नडमध्ये सांगितले, हा घाव तुम्ही दोनदा लिहिला आहे. पण त्याला मराठी अजून येत नाही, तुम्हाला कन्नड उत्तम येते, आणि तो प्रत्येक वाक्याला 'री' हा आदरार्थी शब्द लावूनच बोलत होता, हेही तुम्हीच लिहिले आहे. आता असे समजा, की तेच वाक्य, त्याच मुलांसमोर, एखाद्या कोल्हापूरच्या इंजिनिअरने शुद्ध मराठीत सांगितले असते. तुम्हाला कमी लागले असते का? मला तसे वाटत नाही. सीमाप्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा आहे, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तुमच्या पॅटर्नचा निकाल काही तेथे लागायचा नाही. मराठी माणूस म्हणून तुमच्या ज्या भावना असतील त्या जरूर असू द्या. परंतु त्यांचे वजन या दोन मिलिमीटरवर टाकू नका.

मुलाचे म्हणणे अगदीच खोटे नाही, पण ते पुरेसेही नाही. 'हा तुमचा ईगो आहे' एवढे म्हटले की पुढचे काही ऐकण्याची जबाबदारी संपते, म्हणून हल्ली घराघरांत हे वाक्य फार सोयीचे झाले आहे. अपमान झालेल्याला ते सांगतात, अन्याय झालेल्यालाही तेच सांगतात. त्यातल्या त्यात स्वयंपाकघरातल्या बाईला ते सर्वांत आधी ऐकावे लागते, हे जाता जाता नोंदवते. मुलाशी पुढच्या वेळी फोनवर बोलाल तेव्हा, तुला जे खटकते ते नेमके काय, एवढेच त्याला विचारा. चूक कबूल न करणे खटकत असेल तर तो बरोबर आहे. वाईट वाटणेच खटकत असेल, तर तो चुकतो आहे.

तुम्ही करायचे काय, हे आता सांगते. राजीनाम्याचा विचार निदान काही काळ बाजूला ठेवा, आणि तो रागाच्या वहीतून काढून हिशेबाच्या वहीत लिहा. कर्मचारी पेन्शन योजनेत पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर ती आधी घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांमागे चार टक्के कपात होते. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, ही तुमच्या हक्काची आहे, ती नोकरी सोडल्याने बुडत नाही. हे सगळे कागदावर मांडूनही नोकरी सोडावीशी वाटली, तर तो निर्णय तुमचा असेल. आज सोडलीत, तर तो निर्णय गाड्यावरच्या मंडळींचा असेल, आणि पुढच्या महिन्याचे घर ती मंडळी चालवणार नाहीत.

गप्प राहणे हा दुसरा मार्ग तुम्ही तीन महिने करून पाहिला आहे, त्यात झोप गेली. मालकांकडे तक्रार करणे हा तिसरा. तो मी आत्ता सुचवणार नाही, कारण मालकांसमोर पहिला प्रश्न परत वितळवलेल्या लॉटचाच निघेल, आणि तुमची न्याय्य तक्रार त्याखाली दबून जाईल.

म्हणून माझे सांगणे असे, की त्या इंजिनिअरला एकट्याला गाठा. चहाच्या वेळी नको, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. शिफ्ट सुटल्यावर, पॅटर्न शॉपमध्ये, तो पॅटर्न समोर असताना बोला. कन्नडमध्येच बोला, म्हणजे तुमच्या बोलण्यातला बारकावा त्याच्यापर्यंत पोहोचेल. आधी एवढेच म्हणा : 'सर, तो हिशेब माझाच चुकला होता. एसजीच्या जॉबला मी ग्रे आयर्नची सूट दिली.' यापुढे 'पण' लावू नका, 'कोणी सांगितले नव्हते' लावू नका. त्याला काय बोलायचे ते बोलू द्या. मग दुसरे वाक्य : 'माझी एक विनंती आहे. पुन्हा असे काही निघाले तर मला बाजूला बोलावून सांगा. ही मुले माझ्या हाताखाली शिकतात.' क्रम हाच ठेवा. आधी विनंती आणि मागाहून कबुली असे केलेत, तर कबुली ही अट होऊन बसेल, आणि अटीवर दिलेली कबुली कोणी मनावर घेत नाही. तो माफी मागेल, अशी अपेक्षा ठेवून मात्र जाऊ नका. तरुण माणूस आहे, कदाचित गोंधळेल, कदाचित नुसताच 'आयतु री' (बरं, ठीक आहे) म्हणून निघून जाईल. तुमची दोन्ही वाक्ये त्याच्या कानी गेली, एवढ्यावर त्या संध्याकाळचे काम झाले असे समजा.

एक काम त्याहून अवघड आहे, आणि माझ्या मते त्याहून गरजेचे. ज्या मुलांसमोर चूक निघाली, त्यांना तोच पॅटर्न घेऊन शिकवा. ग्रे आयर्नला किती सूट, एसजीला का वेगळी, ड्रॉइंगवर धातूचा ग्रेड कुठे पाहायचा, आणि त्या दिवशी आपले काय पाहायचे राहून गेले. गालात हसलेल्या मुलालाच स्केल धरायला लावा. या धड्याने तुमचा दरारा कमी होईल, अशी तुम्हाला भीती वाटेल. मुले मात्र उस्तादाची चूक निघाल्यावर तो पुढे काय करतो, इकडे लक्ष ठेवून असतात, आणि तीन महिने त्यांनी फक्त तुमचा अबोला पाहिला आहे.

अशा पेचाची पत्रे मला नेहमी येतात, त्यांचे वेष तेवढे निराळे असतात. खानापूर तालुक्यातील एका शिक्षकांना वर्गात येऊन फळ्यावरची बेरीज दुरुस्त करणाऱ्या नव्या मुख्याध्यापिका सहन होत नाहीत. निपाणीच्या एका दुकानात धाकट्या भावाने नोकरांदेखत खतावणीतली चूक काढली, म्हणून थोरल्याने गल्ल्यावर बसणे सोडले आहे. या सर्वांना मी एक चाचणी सुचवते. तेच वाक्य तुम्ही ज्यांना मानता अशा माणसाने एकांतात सांगितले असते, तर तुम्ही ते ऐकले असते का? ऐकले असते, तर तुमची तक्रार रीतीविषयी आहे, ती ताठ मानेने मांडा. एकांतातही, हितचिंतकाकडूनही ते ऐकवले नसते, तर आधी चुकीकडे वळा. आणि जे त्या इंजिनिअरच्या, मुख्याध्यापिकेच्या किंवा धाकट्या भावाच्या जागी आहेत त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की बरोबर असणे हा दुसऱ्याला चारचौघांत उघडे पाडण्याचा परवाना नव्हे. चुकीचे माप दाखवायला स्केल आणि दोन माणसे पुरेशी असतात.

मात्र एक भेद राखून ठेवते. एखाद्याला चूक नसतानाही रोज टोचले जात असेल, जातीवरून, भाषेवरून किंवा बाईमाणूस म्हणून हिणवले जात असेल, पगार अडवून धरला जात असेल, तर त्या माणसाने स्वतःत अहंकार शोधत बसू नये. तेथे तक्रार लेखी करावी, तारीख घालून करावी आणि सोबतीला साक्षीदार ठेवावा. तुमचे प्रकरण आज तरी तसे दिसत नाही. बोलणे झाल्यावरही त्याने पुन्हा मुलांसमोर तसेच केले, तर ते तसे होईल. त्या वेळी मालकांकडे जरूर जा, कारण तोवर तुमच्या बाजूची चूक तुम्हीच मिटवलेली असेल.

झोपेविषयी तुम्ही दोन ओळींत लिहिले आहे, पण तीन महिने हा थोडा काळ नाही. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांना हे आठवड्याच्या आत सांगा. कोणाशी नुसते बोलावेसे वाटले, तर टेली-मानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते, आणि तेथे अनेक भारतीय भाषांतून बोलता येते. इंजिनिअरशी बोलण्याचे मात्र झोप परत येईपर्यंत लांबवू नका. तो पॅटर्न दुरुस्तीसाठी बाहेरच्या शॉपला द्यायचे चालले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. पॅटर्न तुमच्या रॅकवर आहे तोवरच इंजिनिअरला भेटा, आणि सूट तुमच्याच हाताने बदलून द्यायची तयारी दाखवा.